पेशीची वाटणी आणि तिची साधने

प्राथमिक शाळेच्या वर्गात केव्हा ना केव्हा एखादे मूल गुडघ्यावरची खपली दाखवून विचारते, "गुरुजी, जखम भरते ती कशाने?" दुसरे विचारते, "मटकीचा मोड रात्रीतून लांब होतो, तो कसा?" शिक्षक सांगतात की, सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते, एका पेशीच्या दोन होतात, दोहोंच्या चार होतात आणि त्यामुळे जखम भरते, मोड वाढतो. हे सांगताना फळ्यावर एक वर्तुळ काढले जाते, ते मध्यभागी आवळून दाखविले जाते, आणि शेजारी दोन लहान वर्तुळे काढून विषय संपतो.

उत्तर चुकीचे नाही. तथापि या चित्रातून मुख्य गोष्टच निसटते. चिखलाचा गोळा मध्ये चिमटला की दोन गोळे होतात. पेशीचे विभाजन तसे होत नाही. पेशी दुभंगते ती शेवटी. त्यापूर्वी तिच्या आत एक फार काटेकोर वाटणी पार पडलेली असते, आणि त्या वाटणीसाठी पेशी स्वतःची साधने स्वतः उभारते व काम संपताच मोडून टाकते. ही साधने कोणती आणि ती कसे काम करतात, हे शिक्षकांस ठाऊक असणे अवश्य आहे. पेशीविभाजनाचा सविस्तर पाठ माध्यमिक वर्गात येतो. परंतु त्याविषयीचे गैरसमज त्याच्या पुष्कळ आधी गावात आणि वर्गात रुजलेले असतात. त्यांतील एक गैरसमज काही मुलांना व त्यांच्या मातांना फार जड जातो. त्याचा विचार पुढे केला आहे.

आधी प्रत, मग वाटणी

एका शाळेची दुसरी शाखा काढावयाची झाली, तर बाके, घागरी आणि चटया निम्म्या-निम्म्या वाटून भागते. परंतु ग्रंथांचा एकच संच असेल, तर तो निम्मा-निम्मा वाटून कोणत्याच शाळेचे भागणार नाही. प्रत्येक शाळेस संच पूर्णच हवा. म्हणून आधी प्रत्येक खंडाची प्रत काढावी लागते, आणि नंतर दोन्ही संच नीट मोजून एकेका शाळेकडे पाठवावे लागतात.

पेशीतही हेच घडते. पेशीने काय घडवावे आणि केव्हा घडवावे, यासंबंधीचा लेख तिच्या केंद्रकातील गुणसूत्रांत असतो. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, कांद्याच्या पेशीत १६. मनुष्याच्या एका पेशीतील गुणसूत्रांचे धागे एकापुढे एक ठेवले, तर त्यांची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. आणि हे सर्व मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा केंद्रकात मावलेले असते.

विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत तयार होते. मूळ आणि प्रत एकमेकांपासून लगेच सुटत नाहीत. कोहेसिन नावाच्या प्रथिनाची कडी त्यांना एकत्र धरून ठेवते. नंतर हे लांबलचक धागे गुंडाळले जाऊन आखूड व जाड होतात. तेव्हाच ते सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळे दिसू लागतात, आणि प्रत्येक गुणसूत्र जुळ्या काडीसारखे दिसते. या जुळ्यांतील प्रत्येक काडीस अर्धगुणसूत्र म्हणतात. ज्या ठिकाणी जोडी आवळलेली दिसते, ती जागा म्हणजे गुणसूत्रबिंदू.

आता पेशीपुढे प्रश्न येतो तो असा: ४६ जोड्यांपैकी प्रत्येक जोडीतील एक अर्धगुणसूत्र एकीकडे आणि दुसरे दुसरीकडे न चुकता कसे पाठवावे?

तर्कू: वाटणीचे मुख्य साधन

यासाठी पेशी जे साधन उभारते, त्यास तर्कू असे नाव आहे. सूत भरलेली टकळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या नावाचा अर्थ सांगावा लागणार नाही. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांस निमुळता असा त्याचा आकार असतो. तो ज्या तंतूंचा बनतो त्यांना शालेय पुस्तकांत तुर्कतंतू म्हटलेले आढळते.

हे तंतू वस्तुतः अतिसूक्ष्म पोकळ नळ्या होत. मिलिमीटरचे चाळीस हजार भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढी एका नळीची जाडी भरते. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण विटेवर वीट ठेवावी तसे एकमेकांस जुळतात आणि नळी वाढते. कण सुटू लागले की नळी आखडते. तर्कू उभा असतानाही ही रचना आणि मोडणी अखंड चालू असते.

प्राण्यांच्या पेशीत तर्कूच्या दोन्ही टोकांशी ताराकेंद्रांची एकेक जोडी असते, आणि तिच्याभोवतालच्या द्रव्यातून या नळ्या चहूकडे फुटतात. परंतु ताराकेंद्रावाचून तर्कू बनतच नाही, असे मुलांना सांगू नये. कांदा, मका, आंबा यांसारख्या सपुष्प वनस्पतींच्या पेशींत ताराकेंद्रे नसतात. तरीही तेथे तर्कू बनतो आणि वाटणी तितकीच चोख होते.

या नळ्या गुणसूत्रांच्या दिशेने वाढतात, चुकतात, आखडतात आणि पुन्हा वाढतात. असे चाचपडता चाचपडता त्यांचे टोक गुणसूत्रबिंदूजवळ पोहोचते. तेथे जोडीच्या दोन्ही बाजूंस प्रथिनांची एकेक मूठ असते. एका बाजूची मूठ एका टोकाकडून आलेल्या नळ्या धरते, दुसऱ्या बाजूची मूठ समोरच्या टोकाकडून आलेल्या. दोन्हीकडून ताण सारखा बसला की ती जोडी ओढली जाऊन मध्यरेषेवर स्थिर होते. हळूहळू सर्व जोड्या एका ओळीत येतात. यास मध्यावस्था म्हणतात.

सर्वांची वाट पाहणारी पेशी

येथे पेशी थांबते. एक जरी जोडी दोन्ही बाजूंनी नीट धरली गेली नसेल, तरी तिच्या मोकळ्या मुठीकडून थांबण्याची रासायनिक सूचना निघत राहते, आणि बाकी सर्व जोड्या सज्ज असूनही वाटणी सुरू होत नाही. सहलीस निघताना एक मूल मोजणीत कमी भरले, तर बाकीची सर्व मुले चढलेली असूनही गुरुजी गाडी हलू देत नाहीत, तसाच हा प्रकार आहे.

शेवटची जोडी जागेवर आली की सूचना बंद होते. मग सेपरेज नावाचे प्रथिन कोहेसिनच्या कड्या कापते. सर्व जोड्या जवळजवळ एकाच क्षणी सुटतात आणि जुळी अर्धगुणसूत्रे परस्परविरुद्ध टोकांकडे सरकू लागतात. ही पश्चावस्था होय. या वेळी तंतू रबरासारखा आखडतो असे पुष्कळांस वाटते, तसे नाही. मुठीत धरलेल्या नळीचे कण टोकाकडून सुटत जातात, आणि मूठ त्या उसवत्या टोकास धरूनच पुढे जाते. शिवाय तर्कूची दोन्ही टोकेही एकमेकांपासून दूर सरकतात.

दोन्हीकडे गुणसूत्रांचा पूर्ण संच पोहोचला की त्याभोवती नवे केंद्रकावरण तयार होते आणि तर्कू विरून जातो. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशीत एका विभाजनापासून दुसऱ्या विभाजनापर्यंत सुमारे २४ तास जातात; त्यांपैकी ही सारी वाटणी साधारण एका तासात उरकते.

पेशी दुभंगते ती दोन रीतींनी

वाटणी झाल्यावरच पेशीचे दोन भाग होतात. प्राण्यांच्या पेशीत आवरणाच्या आतून मध्यभागी एक कडे तयार होते. ते अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे असते, आणि हीच प्रथिने आपल्या स्नायूंतही काम करतात. पिशवीची नाडी ओढावी तसे हे कडे आवळत जाते. ते नेमके कोठे आवळावे, याची खूण तर्कूच्या जागेवरूनच मिळते, त्यामुळे चीर दोन्ही संचांच्या मधोमध पडते.

वनस्पतीच्या पेशीस बाहेरून टणक भित्तिका असते. ती आवळता येत नाही. म्हणून तेथे उलट रीत आहे. सूक्ष्म पिशव्या भित्तिकेचे साहित्य घेऊन पेशीच्या मध्यावर येतात, एकमेकींत मिसळतात आणि पेशीपटल तयार होते. ते मध्यापासून कडांकडे वाढत जाऊन जुन्या भित्तिकेस मिळते. म्हणजे प्राण्याची पेशी बाहेरून आत चिरली जाते, आणि वनस्पतीच्या पेशीत आतून बाहेर भिंत घातली जाते. फळ्यावरचे आवळलेले वर्तुळ मटकीच्या मोडास लागू पडत नाही, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

हे कळले कसे

जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलमँडर नावाच्या उभयचर प्राण्याच्या पिल्लांच्या पेशी रंग देऊन पाहिल्या आणि १८८२ साली आपल्या ग्रंथात विभाजनाचा क्रम रेखाटला. पेशीत धागे दिसतात म्हणून त्यांनी या क्रियेस धाग्याच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. मराठीत तिला सूत्री विभाजन म्हणतात.

संच पूर्ण असणे किती महत्त्वाचे आहे, हे थेओडोर बोव्हेरी यांनी १९०२ साली दाखविले. समुद्री अर्चिनच्या अंड्यात दोन शुक्रपेशी एकदम शिरल्या, तर तर्कूस दोनाऐवजी अधिक टोके येतात आणि गुणसूत्रांची वाटणी वेडीवाकडी होते. अशा अंड्यांतून बहुधा निकोप जीव वाढत नाही, असे त्यांना आढळले. गुणसूत्रे पुरेशी असून भागत नाही, प्रत्येक प्रकारचे गुणसूत्र असावे लागते, असा त्याचा अर्थ.

तर्कूच्या तंतूंविषयी मात्र दीर्घ काळ शंका होती. पेशी मारून रंगविल्यामुळेच ते दिसतात, जिवंत पेशीत ते नसतीलच, असे अनेक विद्वान म्हणत. शिन्या इनोउए यांनी स्वतः सुधारलेल्या ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून १९५३ साली जिवंत पेशींतच हे तंतू दाखविले आणि ती शंका मिटली.

मनुष्याच्या गुणसूत्रांची गणनाही अनेक वर्षे चुकीचीच चालत आली होती. संख्या ४८ आहे असे पुस्तकांतून शिकविले जाई. स्वीडनमधील लुंड येथे जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी कोल्चिसिन नावाचे द्रव्य वापरून पेशींची विभाजने मध्येच रोखली, गुणसूत्रे पसरून नीट मोजली आणि १९५६ साली प्रसिद्ध केले की ती ४६ आहेत. कोल्चिसिन ट्युब्युलिनच्या कणांस चिकटते आणि नळ्या बनू देत नाही. त्यामुळे तर्कू उभाच राहत नाही. पावसाळ्यात कुंपणावर लालपिवळी फुले घेऊन चढणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असते. तिचा कंद पोटात गेल्यास प्राण जाऊ शकतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे. आपल्या दारची सदाफुलीही याच जातीचे काम करते. तिच्यापासून काढलेले व्हिन्क्रिस्टीन हे औषधही तर्कूच्या नळ्यांवर घाला घालते. म्हणून बेसुमार वाढणाऱ्या पेशी रोखण्यासाठी, विशेषतः मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात, डॉक्टर ते मोजून देतात. मोजून दिलेले औषध आणि घरी काढलेला पाल्याचा रस यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. या दोन्ही वनस्पती मुलांनी तोंडात घालू नयेत, हे वर्गात अवश्य बजावावे.

वर्गात करून दाखविण्याजोगी कृती

सूक्ष्मदर्शक नसला तरी वाटणी मुलांच्या हातांनी करून दाखविता येते. लाल, हिरवा, पिवळा आणि निळा अशा चार रंगांच्या लोकरीचे वीतभर लांबीचे दोन-दोन धागे घ्यावेत. एकाच रंगाचे दोन धागे मध्यभागी सैल गाठीने बांधावेत. या झाल्या चार जोड्या. अंगणात समोरासमोर दहा पावलांवर दोन मुले उभी करावीत. ती तर्कूची टोके. प्रत्येकाच्या हातात चार सुतळ्या द्याव्यात. इतर मुलांनी प्रत्येक जोडीच्या एका धाग्यास एका बाजूची आणि दुसऱ्या धाग्यास समोरच्या बाजूची सुतळी बांधावी. चारही जोड्या दोन्हीकडून बांधल्याचे एका मुलाने मोठ्याने मोजून सांगेपर्यंत कोणीही ओढावयाचे नाही, हा नियम. नंतर गाठी सोडाव्यात आणि दोन्ही मुलांनी सुतळ्या ओढून घ्याव्यात. प्रत्येकाकडे चार रंगांचे चार धागे येतात.

मग कृती दुसऱ्यांदा करावी. या वेळी पिवळ्या जोडीचे दोन्ही धागे मुद्दाम एकाच बाजूच्या सुतळ्यांस बांधावेत. एका मुलाकडे पाच धागे येतील, दुसऱ्याकडे तीन. दुसऱ्याकडे पिवळा धागा मुळीच नाही, हे मुलेच ओरडून सांगतील. वाटणी कशी चुकते, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

वरच्या वर्गातील मुलांना जवळच्या माध्यमिक शाळेत नेऊन कांद्याच्या मुळाच्या टोकाची तयार काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवावी. मूळ वाढते ते टोकाशी, म्हणून टोकाच्याच पेशींत गुणसूत्रांच्या ओळी आणि सरकणारे गट पाहावयास मिळतात.

ज्या मुलासाठी हे सर्व समजणे अवश्य आहे

पाच आणि तीन धाग्यांचा हा खेळ खऱ्या जीवनात घडतो तेव्हा त्याचे परिणाम मनुष्यास भोगावे लागतात. पॅरिसमध्ये मार्थ गोतिए, झेरोम लझन आणि रेमाँ त्युरपँ यांनी १९५९ साली दाखवून दिले की, डाऊन संलक्षण असलेल्या मुलांच्या पेशीत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात. एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. बहुतेक मुलांत ही चूक मातेच्या बीजांडाची घडण होताना, अर्धगुणसूत्री विभाजनात घडलेली असते; काही थोड्यांत ती पित्याच्या शुक्रपेशीत घडते. एक जोडी सुटावयास हवी होती ती सुटली नाही, इतकेच. गर्भ राहण्यापूर्वीच ही गोष्ट होऊन गेलेली असते. मातेचे वय वाढते तशी तिची शक्यता वाढते, परंतु तरुण मातेसही असे मूल होते.

अनेक गावांत अशा मुलाच्या आईस पहिला प्रश्न विचारला जातो तो हा की, तिने ग्रहण पाळले होते की नाही. कोणी म्हणतो तिने चिरले-कापले असेल, कोणी पूर्वजन्मीचे पाप काढतो. ती माता वर्षानुवर्षे मान खाली घालून वावरते, आणि पुष्कळदा मुलास घराबाहेर काढण्यासही संकोचते. तर्कूचे कार्य ज्यास समजले, त्यास हे बोल किती निराधार आहेत ते सहज कळेल. ग्रहणात केलेले अगर न केलेले कोणतेही काम, गर्भधारणेपूर्वी बीजांडात होऊन गेलेली वाटणी मागे जाऊन बदलू शकत नाही. गावात शिक्षकाच्या शब्दास वजन असते. पालकसभेत त्याने हे एकदा स्वच्छ शब्दांत सांगितले, तर त्या घरावरचे ओझे पुष्कळ हलके होईल.

शिक्षकाचे कर्तव्य येथेच संपत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा अधिकार दिला आहे. आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत अगर त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. डाऊन संलक्षण असलेली मुले सावकाश शिकतात, परंतु शिकतात. पाहून आणि हाताळून केलेली कृती त्यांच्या अधिक लक्षात राहते. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती पुन्हा पुन्हा द्यावी. अशा सुमारे निम्म्या मुलांस जन्मतः हृदयाचा दोष असतो. म्हणून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येईल, तेव्हा त्या मुलास आवर्जून दाखवावे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून त्यास दमणुकीचे खेळ देऊ नयेत.

लोकरीच्या धाग्यांची कृती वर्गात करताना असे मूल वर्गात असेल, तर दुसऱ्या खेपेच्या चुकीचा संबंध त्याच्याशी जोडून दाखवू नये. त्यास इतर मुलांबरोबर सुतळी धरावयास द्यावी. धागे मोजण्याचे कामही त्याच्याकडे सोपवावे. तो सावकाश मोजील. तोवर कोणीही ओढावयाचे नाही, हा नियम खेळात मुळापासून आहेच.